खडपातला लिंगकॉड: पॅसिफिक किनाऱ्यावर गळाने कसा धरावा

कॅलिफोर्निया, ओरेगॉन, वॉशिंग्टन, ब्रिटिश कोलंबिया, अलास्का या सगळ्या किनाऱ्यालगत जिथे समुद्राचा तळ खडकाळ आहे, तिथे लिंगकॉड हा मासा आहे. बे एरियात (सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात) आणि सिअ‍ॅटलकडे स्थायिक झालेली आपली बरीच मंडळी मासे आवडीने खातात, पण गोठवलेल्या सुरमईवर भागवतात. तास-दीड तासाच्या अंतरावर इतका चांगला मासा आहे आणि तो धरायला स्वतःची बोट लागत नाही, हे पुष्कळांना ठाऊक नसतं. हा लेख मुख्यतः त्यांच्यासाठी आहे. ज्यांच्या हाताला गळाची सवय आहे, त्यांनी सामानाचा भाग चाळून सरळ तळाच्या भागाकडे जावं.

एक गोष्ट आधीच सांगतो. जिगचा, म्हणजे वजनदार कृत्रिम आमिषाचा, रंग कोणता असावा, कुठल्या कंपनीचा रॉड घ्यावा, यावर लोक तासन्‌तास बोलतात. माझ्या मते त्याने फारसा फरक पडत नाही. लिंगकॉड मिळतो तो तळ ओळखणाऱ्याला. दोरीच्या टोकाचं आपलं शिसं आत्ता वाळूवर आहे की खडकावर, खडक चढतोय की उतरतोय, हे ज्याच्या बोटांना कळतं त्याच्या गळाला मासा लागतो.

मासा आणि त्याच्या सवयी

लिंगकॉडचं शास्त्रीय नाव ओफिओडॉन एलाँगेटस. अंग लांबट, त्यावर करडे, तपकिरी, कधी हिरवट-निळसर चट्टे, आणि अंगाच्या मानाने डोकं आणि जबडा भलामोठा. दात सुईसारखे आणि पाचशेहून जास्त. वॉशिंग्टन विद्यापीठाच्या फ्रायडे हार्बर प्रयोगशाळेतल्या संशोधकांनी २०२१ मध्ये दाखवून दिलं की या माशाचे रोज सुमारे वीस दात पडतात आणि तितकेच नवे येतात. म्हणजे हातात येईल तो प्रत्येक लिंगकॉड ताज्या, धारदार दातांचा असतो.

हा पाठलाग करत हिंडणारा मासा नाही, दबा धरणारा आहे. कोकणात गोबरा जसा खडपाच्या कपारीत बसून असतो, तसाच. फरक इतकाच की लिंगकॉड कपारीबाहेर, खडकाच्या माथ्यावरही पोट टेकून उघडा बसतो. प्रवाहाबरोबर वाहत येणारं भक्ष्य टप्प्यात आलं की झेप घेतो आणि परत जागेवर येतो. खडकांवरच राहणारा रॉकफिश, हेरिंग, सँडडॅब, म्हाकूल, ऑक्टोपस आणि वेळप्रसंगी लहान लिंगकॉडसुद्धा त्याला चालतो. आपल्या निम्म्या लांबीच्या माशावरही तो तोंड टाकतो, त्यामुळे मोठ्या आमिषाला बिचकू नका.

त्याच्या शरीरात हवेची पिशवी नसते. पुढे मासा परत सोडण्याचा प्रश्न येईल तेव्हा ही गोष्ट कामाची ठरेल.

अंडी घालण्याचा काळ साधारण डिसेंबर ते मार्च. मादी खडकाच्या फटीत अंड्यांचा पांढुरका पुंजका चिकटवून खोल पाण्यात निघून जाते. नर मात्र अंडी फुटेपर्यंत, म्हणजे पाच ते अकरा आठवडे, तिथून हलत नाही. त्याला गळाने उचललं तर आजूबाजूचे मासे त्या अंड्यांचा फडशा पाडतात. हिवाळ्यात बऱ्याच ठिकाणी मासेमारी बंद असते त्याचं हे एक मोठं कारण आहे, आणि मला ते पूर्ण पटतं.

माद्या नरांपेक्षा पुष्कळ मोठ्या होतात. ९० सेंटिमीटरच्या वरचा मासा दिसला तर ती मादीच, असं धरून चालायला हरकत नाही. गळाने धरलेल्या सर्वांत मोठ्या लिंगकॉडचा जागतिक विक्रम अलास्कातल्या होमरचा, २००७ सालचा आहे: ८२ पौंड ९ औंस, म्हणजे साडेसदतीस किलोच्या आसपास. आपल्याला नेहमी भेटणारा मासा तीन ते सात किलोंचा.

परवाना आणि नियम

अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर १९९९ मध्ये लिंगकॉडचा साठा अतिमासेमारीने घटल्याचं अधिकृतपणे जाहीर झालं होतं. कडक निर्बंध आले, आणि २००५ मध्ये साठा पुन्हा भरून आल्याचं जाहीर झालं. आज आपण हा मासा धरू शकतो तो त्या निर्बंधांमुळे. म्हणून नियम वाचायचा कंटाळा करू नका.

कॅलिफोर्नियात १६ वर्षं पूर्ण झालेल्या प्रत्येकाला परवाना लागतो. फक्त सार्वजनिक पिअरवरून गळ टाकायला तो लागत नाही. खडक, कयाक किंवा बोट असेल तर लागतोच. वर्षातून एकदाच जाणार असाल तर एका दिवसाचा परवाना ऑनलाइन मिळतो. लिंगकॉडची किमान लांबी २२ इंच, म्हणजे सुमारे ५६ सेंटिमीटर. तोंड मिटवून, नाकाच्या टोकापासून शेपटीच्या टोकापर्यंत सरळ रेषेत मोजायचं. अंगाच्या गोलाईवरून टेप फिरवायची नाही. एका माणसाने एकच दोरी आणि तिला जास्तीत जास्त दोन गळ. बोटीवर किमान १८ इंच व्यासाचं हातजाळं असलंच पाहिजे.

दिवसाला किती मासे ठेवता येतात, कोणत्या महिन्यात मासेमारी खुली आणि किती वाव (एक वाव म्हणजे सहा फूट) खोलीच्या अलीकडे किंवा पलीकडे, हे मात्र वर्षागणिक बदलतं, कधी हंगामाच्या मध्येच बदलतं. निघायच्या आदल्या रात्री राज्याच्या मत्स्य आणि वन्यजीव खात्याच्या संकेतस्थळावर आपल्या भागाचं पान उघडून बघा. गेल्या वर्षीचा नियम आठवतोय म्हणून त्यावर विसंबू नका. शिवाय कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर सागरी संरक्षित क्षेत्रांची मोठी साखळी आहे. कार्मेलजवळच्या पॉइंट लोबोससारख्या ठिकाणी पाणी कितीही मोहाचं दिसलं तरी गळ टाकायचा नाही.

सिअ‍ॅटलकरांसाठी: प्युजेट साउंडच्या आत हंगाम फार आखूड असतो, १ मे ते १५ जून. दिवसाला एकच मासा, तोही २६ ते ३६ इंचांच्या दरम्यानचा. त्याहून लहान आणि त्याहून मोठा, दोन्ही परत सोडायचे. बाहेरच्या किनाऱ्यावर, म्हणजे वेस्टपोर्ट, निआ बे इकडे, नियम वेगळे आहेत. तेही दरवर्षी तपासा.

पहिल्यांदा कुठे जावं

पहिल्या खेपेला पार्टी बोट पकडा, याहून चांगला सल्ला माझ्याकडे नाही. ठरावीक पैसे भरून वीस-पंचवीस लोक एका बोटीवरून जातात. हाफ मून बेचं पिलर पॉइंट हार्बर, एमरीव्हिल, बोडेगा बे, माँटरे, मोरो बे इथून या बोटी पहाटे सुटतात. रॉड भाड्याने मिळतो, जिग-शिसं तिथेच विकत मिळतं, आणि परतताना बोटीवरची मुलं टिप घेऊन मासे साफ करून देतात. मुख्य फायदा वेगळाच: कप्तान चांगल्या खडकावर बोट नेतो. तो बोट कुठे थांबवतो, वारा-प्रवाह बघून कुठल्या बाजूने आणतो, हे लक्ष देऊन बघा. स्वतःची बोट किंवा कयाक घ्याल तेव्हा हे शिक्षण उपयोगी पडेल.

बुकिंग करताना बोट रॉकफिश-लिंगकॉडसाठी जाणार आहे ना, हे विचारून घ्या. सॅमनच्या ट्रिपला जाऊन लिंगकॉड मिळत नाही.

ज्यांना समुद्र लागतो त्यांनी डॉक्टरांना विचारून आदल्या रात्रीच गोळी घ्यावी. मळमळ सुरू झाल्यावर घेतलेली गोळी पोटात टिकत नाही. केबिनमध्ये जाऊन बसू नका, मोबाइलकडे बघू नका, क्षितिजावर नजर ठेवा. कपडे थरांचे घाला. ऐन ऑगस्टमध्येही सॅन फ्रान्सिस्कोच्या बाहेर धुकं आणि गार वारा असतो.

सामान

सात-आठ फुटी, कण्याला दम असलेला रॉड. टोक थोडं लवचीक हवं, कारण तळाची खबर टोकच आणतं. रील गोल पिंपाचं, अंगठ्याने दोरी रोखता येईल असं. दोरी विणलेली, म्हणजे ब्रेड, ५० ते ६५ पौंडांची. ब्रेड ताणली जात नाही, म्हणून १५० फुटांवर शिसं कशावर टेकलं ते बोटाला लगेच समजतं. साध्या नायलॉनच्या तंगुसाने इतक्या खोलीवर सगळं गुळमुळीत लागतं. या एका खर्चात काटकसर करू नका.

ब्रेडच्या टोकाला तीन-चार फूट ४० पौंडांचा साधा तंगूस जोडा. याची दोन कामं. खडकाला घासून ब्रेड पटकन कापली जाते, तंगूस तग धरतो. आणि जिग खडकात कायमचा अडकलाच तर ब्रेडऐवजी हा कमकुवत दुवा तुटतो, सगळी दोरी जात नाही.

जिगचं वजन खोली आणि प्रवाह बघून ठरवा. ढोबळ हिशेब दर दहा फुटांना एक औंस: साठ फुटांवर पाच-सहा औंस, दीडशे फुटांवर बारा ते सोळा. धातूची लांबट जिग किंवा शिशाच्या डोक्याला बसवलेला सहा-आठ इंची रबरी मासा, दोन्ही चालतात. नवख्याने रबरी मासा घ्यावा. त्याचा गळ वर वळलेला असतो, त्यामुळे तो खडकात कमी अडकतो. धातूच्या जिगला कारखान्यातून तीन टोकांचा गळ येतो. तो काढून टाका आणि जिगच्या वरच्या कडीला एकेरी मोठा गळ लावा. अडकणं कमी होतं आणि मासा सोडायचा झाल्यास तो फाटत नाही.

याशिवाय लांब चोचीची पक्कड, हातमोजे, लांबी मोजायची पट्टी, बर्फाची पेटी. आणि बोटभर जाडीचा वीतभर दांडका: अडकलेली ब्रेड ओढून तोडताना ती त्याला गुंडाळायची. हाताला ब्रेड कधीच गुंडाळू नका. बोटीचा एक हेलकावा आला तरी ती हाडापर्यंत कापत जाते.

कधी जावं

वसंतात हंगाम खुला होतो तेव्हा मासे भुकेले असतात, पण उत्तर कॅलिफोर्नियात एप्रिल-मे म्हणजे वायव्येचा सणसणीत वारा. समुद्र शांत मिळेल अशा दिवसाची वाट बघावी लागते. माझी पसंती सप्टेंबरअखेर ते नोव्हेंबर. वारा पडलेला असतो आणि विणीच्या आधी मोठे मासे उथळ खडकांकडे सरकू लागलेले असतात. तुमच्या भागात त्या महिन्यांत कोणती खोली खुली आहे ते मात्र बघूनच बेत करा.

भरती-ओहोटीचं गणित कोकणातल्या माणसाला समजावून सांगायला नको. प्रवाह जोरात असला की दोरी तिरकी जाते, शिसं तळावर टिकत नाही, आणि मासाही कपारीत दडून बसतो. भरती संपून ओहोटी लागायच्या मधला, पाणी थबकण्याचा काळ आणि त्याच्या दोन्ही बाजूंचा थोडा वेळ सर्वांत चांगला. अष्टमीच्या आसपासचे, भांगाच्या भरतीचे दिवस म्हणूनच सोयीचे. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणात अरुंद खाड्यांच्या तोंडाशी तर उभं राहणंही कठीण होतं.

तळ वाचणं

इथे घाई करू नका.

आधी जागा. स्वतःच्या बोटीवर सोनार, म्हणजे ध्वनिलहरींनी तळ दाखवणारं यंत्र, असेल तर पडद्यावर तळाची रेषा बघा. कठीण खडक जाड आणि ठळक दिसतो, बऱ्याचदा त्याच्याखाली दुसरी पुसट रेषाही उमटते. चिखल-वाळू पातळ, मवाळ दिसते. सपाट वाळूतून अचानक वर आलेला सुळका, खडकाची धार, खडक संपून वाळू लागते ती सीमारेषा, या तीन जागा हेरा. सुळक्याच्या ज्या अंगावर प्रवाह येऊन आदळतो तिथे आणि माथ्यावर लिंगकॉड जास्त असतात, कारण खाणं तिकडून वाहत येतं. म्हणून बोट सुळक्यावर आणून उभी करायची नाही. प्रवाह आणि वारा ज्या बाजूने येतोय तिकडे थोडं मागे जाऊन इंजिन बंद करायचं आणि वाहत वाहत सुळक्यावरून जायचं. ताशी एक सागरी मैलाच्या आत वेग राहिला तर उत्तम. एका फेरीत मासा लागला तर तीच रेषा पुन्हा धरा. दोन-तीन फेऱ्या रिकाम्या गेल्या तर दुसरा खडक बघा. हा मासा जागेवर बसून असतो, तिथे असेल तर खातो. नाही खाल्लं तर बहुधा तिथे तो नाहीच.

आता दोरी सोडणं. रीलचा अडसर काढा, अंगठा पिंपावर हलका टेकलेला ठेवा आणि जिग खाली जाऊ द्या. अंगठा उचलला तर जिग टेकल्यावरही पिंप फिरत राहतं आणि गुंता होतो. जिग टेकली की दोरी एकदम सैल पडते. त्याच क्षणी अडसर लावून दोन फेरे गुंडाळा. हा क्षण दवडला की जिग खडकाच्या फटीत जाऊन बसते. नवख्यांच्या बहुतेक जिगा अशाच जातात.

दोन फेरे वर घेतल्यावर रॉडचं टोक सावकाश दोन-तीन फूट उचला, मग खाली न्या. पण टोक झटकन पाडू नका, जिगबरोबर खाली न्या, दोरी जेमतेम ताठ राहील अशा बेताने. बहुतेक घास जिग खाली उतरत असतानाच बसतो, आणि दोरी सैल असेल तर तो कळतच नाही. दर चार-पाच उचलींनंतर पुन्हा तळाला हलका स्पर्श करून बघा.

हा स्पर्श नीट ओळखायला शिका. खडकावर टेकलं की टक्‌ असा कोरडा, टणक ठोका दांड्यातून मनगटापर्यंत येतो. वाळूवर मऊ धप्प होतं आणि उचलताना शिसं किंचित चिकटल्यासारखं वाटतं. समुद्रगवत असेल तर उचलताना हळूहळू वाढणारा, रबरासारखा ताण येतो आणि मग सुटतो. डोळे मिटून दहा-बारा वेळा टेकवून बघा, फरक लवकर बोटांत बसतो. वाळू-वाळू-वाळू आणि मग एकदम टक्‌ आलं, की सावध व्हा. तुम्ही सीमारेषेवर आला आहात.

बोट वाहत सुळक्यावर चढू लागली की तळ वर येतो. आधी दोन फेऱ्यांवर असलेली जिग आता टेकायला लागते. ठोका लवकर आला की लगेच आणखी दोन-तीन फेरे गुंडाळा. माथा ओलांडला की उलट: जिग खाली जाते, तळ लागत नाही, मग अडसर काढून पुन्हा सोडा. ही चढ-उतार सतत चालू ठेवायची असते. एका जागी रॉड धरून गप्पा मारणाऱ्याची जिग एकतर खडकात असते नाहीतर माशाच्या वीस फूट वर.

दोरी फार तिरकी गेली तर खाली काय चाललंय ते कळत नाही. सगळी गुंडाळून पुन्हा सोडा, नाहीतर जड जिग लावा.

जिग अडकलीच तर जोराने ओढू नका, त्याने गळ आणखी रुततो. दोरी सैल करा, बोट ज्या दिशेने आली तिकडच्या बाजूला जाऊन रॉडच्या टोकाने छोटे छोटे झटके द्या. पुष्कळदा निघते.

आमिष आणि पाठीवर बसून येणारा मासा

जिगला मासा लागत नसेल तर जिवंत किंवा ताजं आमिष काढा. सँडडॅब हा वाळूच्या तळावर मिळणारा चपटा मासा लिंगकॉडला भारी आवडतो. जवळच्या वाळूवर लहान गळाने दोन-चार धरून ठेवायचे. तोंडातून गळ घालून, शिशाच्या वर दीड-दोन फुटांवर बांधायचा. शिसं मात्र कमकुवत दोऱ्याने बांधा, अडकलं तर तेवढंच जाईल. हेरिंग, छोटा मॅकरेल, म्हाकुलाची लांब पट्टी, हेही चालतं. आमिष म्हणून कोणता मासा वापरायला परवानगी आहे ते नियमांत बघा. किमान लांबी असलेल्या जातीचा लहान मासा आमिषाला लावता येत नाही.

आमिषाला घास बसला की जिगसारखा लगेच झटका द्यायचा नाही. दोरी ताठ होऊ द्या, वजन जाणवू द्या, मग सावकाश गुंडाळत रॉड वर घ्या.

या माशाच्या बाबतीत एक प्रकार वारंवार घडतो आणि तो प्रत्येकाने अनुभवावा असा आहे. तुमच्या गळाला साधा रॉकफिश लागतो, तुम्ही तो वर आणत असता, त्याची फडफड टोकावर जाणवत असते. एकाएकी फडफड थांबते आणि तिथे नुसतं जड, मुकं वजन येतं. खडकात अडकलं असं वाटतं, पण ते वजन हळूहळू वर येतं. खाली लिंगकॉडने तो रॉकफिश आडवा तोंडात धरलेला असतो. त्याला गळ लागलेला नसतो, तो नुसता हट्टाने धरून असतो. जबडा इतका पक्का की पाण्याच्या पृष्ठभागापर्यंत सोडत नाही.

अशा वेळी झटका देऊ नका, थांबूही नका. एकाच संथ गतीने गुंडाळत राहा. जाळं धरणाऱ्याला आधीच हाक मारा. मासा दहा-पंधरा फुटांवर दिसू लागला की रॉड आणखी हळू, आणि माशाचं डोकं काही झालं तरी पाण्याबाहेर काढायचं नाही. डोक्याला हवा लागली की तो तोंड उघडतो आणि गेला. जाळं आधीच पाण्यात बुडवून ठेवा आणि मासा त्यावर आला की खालून एका हालचालीत वर घ्या. जाळं घेऊन माशाच्या मागे धावायचं नाही, शेपटीला स्पर्श झाला तरी तो सुटतो.

गळ लागल्यावर

जिगला घास बसतो तो धाडकन. लगेच रॉड उचला आणि पहिले दहा फूट मासा खडकापासून जोर लावून वर खेचा. ड्रॅग, म्हणजे दोरी सुटताना तिला रोखणारा रीलचा ब्रेक, घट्ट हवा, कारण हा मासा पहिल्या धावेत सरळ खडकाच्या फटीत घुसतो. घुसलाच तर ओढाताण करू नका. दोरी पूर्ण सैल सोडून मिनिट-दोन मिनिटं थांबा. ताण गेला की तो पुष्कळदा स्वतः बाहेर येतो, आणि मग मात्र सवड देऊ नका.

वर येताना तो दोन-तीन वेळा खाली बुडी मारणारच, विशेषतः बोट दिसल्यावर. त्या वेळी ड्रॅगला दोरी सोडू द्या. खालपासून वरपर्यंत दोरी सैल पडता कामा नये. तोंड वासून डोकं हलवत तो गळ झटकून टाकतो.

मासा कमी लांबीचा असू शकतो असं वाटत असेल तर आकडी (मासा टोचून बोटीत ओढायचा दांड्याचा हूक) वापरायची नाही, जाळंच वापरायचं. आकडी लागलेला मासा परत सोडून जगत नाही. बोटीत आल्यावर जबड्यात किंवा कल्ल्यात हात घालू नका. दातांइतकेच कल्ल्यांच्या आतले काटेही धारदार असतात. ओल्या हातमोज्याने डोक्यामागे दाबून धरा आणि पकडीने गळ काढा.

ठेवायचा की सोडायचा

लिंगकॉडला हवेची पिशवी नसल्यामुळे शंभर-दीडशे फुटांवरून वर आला तरी त्याचं पोट फुगत नाही. पाण्यात सोडला की सरळ तळाकडे जातो. सोडणं सोपं आहे आणि त्याचा उपयोग होतो. मीटरभर लांबीची मादी हातात आली तर फोटो काढा आणि सोडा, असं माझं आग्रहाचं सांगणं आहे. अशी एक मादी एका विणीत लाखोंनी अंडी घालते. खायला तीन-चार किलोंचा मासा अधिक चवदार लागतो, आणि मोठ्या, वयस्क शिकारी माशात पाऱ्याचं प्रमाणही जास्त असतं. गरोदर बायकांनी आणि लहान मुलांनी हा मासा किती खावा, याबद्दल राज्याच्या आरोग्य खात्याचा तक्ता बघून घ्या.

रॉकफिशचं उलटं आहे. त्याची हवेची पिशवी बंद असते. वर येताना ती फुगते, डोळे बाहेर येतात, जठर तोंडातून बाहेर डोकावतं. तसाच सोडला तर पाण्यावर तरंगत राहतो आणि समुद्रपक्षी टोचून मारतात. यलोआयसारख्या काही जाती ठेवायला बंदी आहे आणि त्या त्याच खडकांवर गळाला लागतात. त्यासाठी डिसेंडिंग डिव्हाइस जवळ ठेवा: माशाचा जबडा चिमट्यात धरून शिशाच्या वजनाने तो परत खोल नेऊन सोडणारं साधन. ओरेगॉन आणि वॉशिंग्टनमध्ये ते बोटीवर असणं सक्तीचं आहे. कुठेही मासेमारी करा, ते हाताशी ठेवा. तिथे यलोआय किंवा बंदी असलेली दुसरी जात लागोपाठ लागू लागली तर तो खडक सोडून दुसरीकडे जा.

काठावरून

बोटीशिवायही लिंगकॉड मिळतो. बंदराच्या तोंडाशी मोठ्या दगडांचे जे धक्के बांधलेले असतात, ओरेगॉनमधल्या टिलामूक बेचा बारव्ह्यू किंवा वॉशिंग्टनमधला वेस्टपोर्ट, त्यांच्या दगडांच्या फटींत हे मासे राहतात. इथे एक-दोन औंसांचा रबरी मासा पुरे. लांब फेकायची गरज नाही, मासा दगडांच्या पायथ्याशीच असतो. धक्क्याला समांतर टाका, तळ लागू द्या आणि दगडांलगत सावकाश आणा.

पण धक्क्यावर जीव सांभाळा. या किनाऱ्यावर अर्धा तास शांत गेल्यावर अचानक एक लाट इतरांपेक्षा कितीतरी वर चढून येते. पाणी दहा-बारा अंश तापमानाचं, पडलेल्या माणसाचे हातपाय काही मिनिटांत काम करेनासे होतात. समुद्राकडे पाठ करून आमिष बांधू नका. पोचल्यावर वीस मिनिटं नुसतं उभं राहून लाटा कुठपर्यंत येतात ते बघा. जिथे दगड ओला आहे तिथे उभं राहायचं नाही. अंगात लाइफ जॅकेट, पायात खिळ्यांच्या तळव्याचे बूट, आणि एकट्याने जायचं नाही. हवामान खात्याने मोठ्या लाटांचा इशारा दिला असेल तर घरी बसा.

बर्फापासून ताटापर्यंत

ठेवायचा ठरलेला मासा लगेच मारा, कल्ल्याखालची शीर कापून रक्त निथळू द्या, आणि बर्फ-खारं पाणी मिसळलेल्या पेटीत बुडवा. उन्हात डेकवर तडफडत ठेवलेल्या माशाचं मांस मऊ पडतं आणि मग मसाला कितीही लावा, चव येत नाही.

कापल्यावर मांस निळं-हिरवं निघालं तर घाबरू नका, टाकून तर मुळीच देऊ नका. काही लिंगकॉडचं मांस बिलिव्हर्डिन नावाच्या रंगद्रव्याने तसं होतं. गरम झालं की पांढरंशुभ्र होतं आणि चवीत काही फरक नसतो. मांसात अधूनमधून बारीक जंत दिसतात, रानटी समुद्री माशात ते असायचेच. दिसतील ते पकडीने काढा आणि मासा पूर्ण शिजवून खा. कच्चा किंवा अर्धकच्चा खाऊ नका.

बोटीवरची मुलं पाठीचे दोन लांब तुकडे काढून बाकी मासा समुद्रात टाकतात. त्यांना आधीच सांगा: डोकं आणि मधला काटा मला हवा. डोक्यात गालांचे दोन जाड, गोड तुकडे असतात, आणि उरलेल्या डोक्या-काट्याचा कोकम घालून केलेला सार भातावर झकास लागतो.

मांस घट्ट, पांढरं, कमी चरबीचं. जाड तुकड्या करा, मीठ-हळद-आगळ लावून पंधरा मिनिटं ठेवा. तळायचं असेल तर लाल तिखट, आलं-लसणाचं वाटण आणि वरून रवा, मध्यम आचेवर दोन्ही बाजू खरपूस. कालवणात तुकड्या अगदी शेवटी सोडा. रस्सा आधी पूर्ण उकळून, चव जुळवून घ्या, मग तुकड्या टाकून झाकण ठेवा आणि सहा-सात मिनिटांत गॅस बंद करा. चरबी कमी असल्यामुळे जास्त शिजला की हा मासा कोरडा आणि चिवट होतो. डाव घालून ढवळू नका, भांडंच दोन्ही हातांनी धरून हलवा.